केरीदा नावाची नदी

माझ्या वडिलांनी माझ्या बायकोला चांगली दोन-तीन वर्षं रोज, भर अंगणातून, खड्या आवाजात 'प्रिये' अशी हाक मारली, आणि त्यात त्यांची काडीचीही चूक नव्हती. चूक आमच्या घरच्या रीतीची होती, आणि थोडीशी माझी. (थोडीशी म्हणजे किती, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.)

इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती. दवनीवाड्याला आमची धानाची शेती. मी मात्र गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होतो आणि शनिवारी सायकल मारत घरी यायचो. माझं लग्न झालं ते सालेकसाकडच्या मुलीशी. मुलगी उत्तम, घराणं उत्तम, पत्रिका तर इतकी जुळली की भटजीच घाबरले. फक्त एक गोष्ट कुणीच आधी विचारली नव्हती. मुलीचं नाव यमुना, आणि माझ्या आईचं नावही यमुना!

आता यात काय बिघडलं, असं आजच्या लोकांना वाटेल. पण बाबांची पंचाईत बघा. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नसे. बाबांनी आईचं नाव उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं, मग सुनेला कोणत्या तोंडानं यमुना म्हणणार? तिकडे माझी आत्या (ती विधवा होऊन आमच्याच घरी राहायची आणि घरातल्या सगळ्यांवर ओरडायचं खातं तिच्याकडे होतं) सुनेवर ओरडायला तोंड उघडायची आणि तसंच मिटायची. थोरल्या भावजयीचं नाव घेऊन 'यमुने, दूध उतू गेलं ना' असं म्हणायची तिचीही छाती नव्हती. तेव्हा सुनेचं नाव बदलायचं, हे आठवड्याभरातच ठरलं.

ठरलं, पण जमलं नाही. सीता म्हणावं, तर ती चुलतआजी. गंगा म्हणावं, तर मोठी मामी. पार्वती खुद्द आत्या. शेवटी कुणीतरी रुखमा सुचवलं, तर बाबा ताडकन उठून बसले. आमच्या शेजारच्या धानाच्या बांधीची मालकीण रुखमा होती आणि तिच्याशी मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आमचं तीन पिढ्यांचं भांडण होतं. "तिचं नाव घेऊन घेऊन मी सुनेच्या हातचं जेवू का?" असं म्हणून बाबांनी विषय संपवला. नाव मग पाहू, असं झालं आणि तोवर सगळे तिला 'नवी' म्हणू लागले.

एका शनिवारी परसात भांडी घासताना तिनं मला गाठलं.

"मी का बैल हावो का?"

"काऊन? कोन म्हनला?"

"गोठ्यात नवा हाय, घरात नवी हाय. त्या बैलाचं तरी नाव ठेवलं तुमी लोकायनं, राजा म्हनून. माह्यं काऊन नाई ठेवलं?"

मी म्हटलं, पाहू. ती म्हणाली, "तुमी सोता मले का म्हनून हाक मारता?"

खरं सांगायचं तर मी खोकायचो. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहून दोनदा खोकलं की ती बाहेर यायची. (आत्याला दमा होता. त्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा ती उगाचच बाहेर येऊन परत जायची, हे मला फार उशिरा कळलं.)

"दिवाळीले मी माहेरी जाऊन रायली," ती शांतपणे म्हणाली. "नाव सापडल तवा न्यायले या. नाई सापडलं तं येऊ नका."

ती बोलली म्हणजे बोलली. बायको मला मनापासून आवडत होती आणि ते तिला सांगायची सोय आमच्या घरात, आमच्या बोलीत, आमच्या सात पिढ्यांत कुणी करून ठेवली नव्हती.

ही सोय मला सापडली ती फलाटावर. आमच्या छोट्या लाइनीवर सिक्वेरासाहेब नावाचे गार्ड होते, मूळचे गोव्याचे. त्यांची गाडी सुटायच्या वेळी त्यांच्या बाई जेवणाचा डबा घेऊन यायच्या. एका हातानं हिरवी झेंडी हलवत, दुसऱ्या हातानं डबा घेत, साहेब गार्डाच्या डब्यातून वाकून मोठ्यानं आभार मानायचे, "ओब्रिगादु, केरीदा!" हमाल, तिकीट तपासनीस, चहावाला, सगळ्यांच्या समोर. मला आपलं वाटायचं, बाईंचं नाव केरीदा असेल. एकदा सहज तसं विचारलं.

साहेब इतके हसले की टोपी पडली. "अरे बाबू, नाम तो मारिया है. केरीदा मतलब मेरी प्यारी. पोर्तुगीज में बोलते हैं."

"सब के सामने?"

"तो किसके सामने बोलूँ? इंजन के?"

मी तिथेच ठरवलं की ही भाषा शिकायची. दवनीवाड्यात ती एका माणसाला कळत नाही, याहून मोठा गुण भाषेत काय असू शकतो! साहेबांनी मोठ्या आनंदानं माझी शिकवणी घेतली. 'मेउ आमोर' म्हणजे माझं प्रेम. 'मेउ बेंय' म्हणजे माझं सोनं म्हणा, माझं भलं म्हणा. 'कोरासांव' म्हणजे काळीज. यातलं 'आमोर' मला आमरसाच्या फार जवळचं वाटलं, आणि 'कोरासांव' हे गावाचं नाव समजून आमच्याकडे कुणीही विचारलं असतं, तिरोड्याहून किती कोस? राहता राहिलं केरीदा. ते तोंडात बसावं म्हणून मी सायकलवरून येताना वाटेत घोकत आलो. बांधीत निंदण करणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

घरी आलो. ती परसात एकटीच होती. मी जवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "केरीदा."

"का म्हनता?"

मी अर्थ सांगितला. कुठल्या मुलखातला शब्द, कोण कुणाला म्हणतं, सगळं सांगितलं. हातातला पितळी गंज मात्र ती राखेनं असा घासू लागली की त्याला भोक पडतं की काय असं मला वाटलं. मग मान वर न करता म्हणाली, "आनखी एक डाव म्हना."

पुरुषाला एवढं उत्तेजन पुरतं. मी छाती फुगवून, सिक्वेरासाहेबांच्या सुरात, चांगलं मोठ्यानं म्हणालो, "केरीदा!"

आणि तणसाच्या ढिगामागून, बैलांसाठी पेंढी बांधत असलेले बाबा उठून उभे राहिले.

"का म्हनला रे तू?"

बापाच्या देखत बायकोला प्रिये म्हटलेला मुलगा त्या काळी आमच्या तालुक्यात एकही नव्हता, आणि पहिला व्हायची माझी तयारी नव्हती. तोंडातून निघालं, "नाव... नाव हाय जी. हिचं."

बाबांच्या हातातली पेंढी गळून पडली. त्यांच्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "नाव सापडलं का? कोनाच्या घरी हाय का हे नाव?"

"नाई जी."

"तुह्या मामाकडं?"

"नाई जी."

"त्या धुऱ्यावालीच्या खानदानात?"

"अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नाई जी."

"मतलब का हाय?"

हा प्रश्न येणार हे मला कळायला हवं होतं. मी म्हणालो, "नदी हाय जी. गोव्याकडची. आमच्या गार्डसाहेबाच्या मुलखातली."

"नदीच्या जागी नदी!" बाबा आनंदानं म्हणाले आणि तसेच ओट्यावर जाऊन त्यांनी साऱ्या घराला बोलावलं. संध्याकाळपर्यंत आळीत गूळ वाटून झाला होता. माझ्या बायकोला पोर्तुगीज नाव मिळालं, आणि ते ठेवलं अशा माणसानं, ज्यानं चांद्याला जाणाऱ्या छोट्या गाडीपलीकडे रेल्वे पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळेचे मास्तर आले. त्यांच्याकडे एक मोठा नकाशा होता. तो त्यांनी आमच्या ओट्यावर पसरला आणि ते भिंग लावून केरीदा नदी शोधू लागले. मास्तरांना नदी सापडली नाही. त्यांनी नकाशा गुंडाळला आणि गंभीरपणे म्हणाले, "इंग्रजांनी मुद्दाम गाळली असणार." तिथून पुढे माझी नदी पक्की झाली.

मग काय सांगू! पहाटे उठल्या उठल्या आत्या गरजायची, "केरीदा, शेन काढलं का वो?" सुनेपुढे इतके दिवस दाबून ठेवलेला तिचा आवाज मोकळा सुटला होता. बाबा शेतातून येताना वेशीपासून हाक मारायचे, "केरीदा, पाय धुवाले पानी ठेव!" न्हावी दाराशी येऊन विचारायचा, "केरीदाबाई, मालक हायेत का घरी?" सत्यनारायणाला भटजींनी संकल्पात तिचं नाव घेतलं आणि साक्षात देवासमोर, संस्कृतात, तिला प्रिये म्हणून मोकळे झाले. नाव कानाला गोड लागतं म्हणून पुढच्या वर्षी गावात आणखी दोन पोरींचं नाव केरीदा ठेवलं गेलं. एक तर त्या धुऱ्यावालीची नात होती. बाबांनी त्यावरही भांडण काढलं, आमचं नाव चोरलं म्हणून.

माझं दुःख कुणाला सांगू? एक शब्द मी एवढ्या कष्टानं, परमुलखातून, फक्त तिच्यासाठी आणला होता. आता तोच शब्द गुराखीसुद्धा वापरत होता, आणि मी मात्र दाराशी उभा राहून पुन्हा खोकत होतो. चारचौघांत मी तो शब्द उच्चारला तर बायकोचं नाव घेतल्याचं पाप लागलं असतं. तिच्याकडे तक्रार केली तर ती म्हणाली, "सारं गाव मले लाडकी म्हनून रायलं. तुमाले कायले दुखते?"

"अवो, पन अर्थ कोनाले माहीत हाय?"

"मले माहीत हाय ना," ती म्हणाली आणि आत्याच्या हाकेला अशी ठुमकत गेली की शेण काढायला नाही, जणू हळदीकुंकवाला चालली होती. दिवाळीला माहेरी गेली ती तिसऱ्या दिवशी आपणहून परत आली. तिकडे म्हणे तिला कुणी केरीदा म्हणत नव्हतं.

आणि मग आम्हाला मुलगी झाली. बारशाची तयारी सुरू झाली तशी बाबांनी फर्मान काढलं, "तुह्या त्या गोव्याच्या साहेबाले बोलाव. त्यायच्या मुलखातल्या नदीचं नाव आपल्या घरात हाय, त्यायले किती बरं वाटल!"

मी म्हटलं, त्यांना सुटी नाही. बाबा गप्प बसले, म्हणून मीही निर्धास्त झालो. पण धान विकायला गोंदियाला गेलेले बाबा सरळ फलाटावर जाऊन साहेबांना स्वतःच आवतण देऊन आले. मला हे कळलं तेव्हा पाहुण्यांना आणायला बैलांची रेंगी जुंपून तयार होती.

सिक्वेरासाहेब कोट घालून आले, बाई फुलाफुलांचा झगा घालून आल्या, आणि येताना मुलीसाठी टोपडं घेऊन आल्या. अंगण माणसांनी भरलं होतं. पाहुणे खाटेवर टेकतात न टेकतात तोच बाबांनी ठेवणीतला आवाज लावला, "केरीदा! पाव्हन्यायले पानी आन!"

सिक्वेराबाई दचकून उठून उभ्या राहिल्या. परक्या घरचा म्हातारा आपल्याला भर अंगणात प्रिये म्हणतो आणि वर पाणी आणायला सांगतो, याचा त्यांना उलगडा होईना. साहेबांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात माझी बायको तांब्या घेऊन बाहेर आली आणि बाई खाली बसल्या. साहेब गोंधळून बाईंना म्हणाले, "केरीदा, ये क्या चल रहा है?" तर माझी बायको वळून म्हणाली, "का जी?"

"पाव्हनीचं बी नाव केरीदाच!" बाबांना अत्यानंद झाला. "दोगी एकाच नदीच्या निंगाल्या!"

एव्हाना नाव ऐकून धुऱ्यावालीची नातही (बारशाला भांडण आड येत नाही) रांगत पुढे आली होती. मी तणसाच्या ढिगाकडे बघत होतो. त्यात एक माणूस सहज मावला असता.

आई पाहुणीशेजारी बसली. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तिनं अगदी आदरानं विचारलं, "तुमच्याकडची केरीदा नदी मोठी हाय का वो बाई? उनाळ्यात पानी राह्यते का तिले?"

"नदी?" बाई म्हणाल्या. "कसली नदी? आमच्यात नवरो बायलेक लाडान म्हणतो, केरीदा. म्हळ्यार माझी प्रिया." आणि सगळ्यांना नीट कळावं म्हणून साहेबांनी त्याचं हिंदीही करून दिलं.

न्हाव्यानं उपरण्यात तोंड लपवलं. भटजी डोळे मिटून बहुधा प्रायश्चित्त आठवत होते. मास्तर म्हणाले, "म्हणजे इंग्रजांनी गाळली नव्हती," पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे बाबांकडे बघत होते. गावचे पंच, पागोटं बांधल्याशिवाय वेशीबाहेर न पडणारे बाबा हळूहळू खाटेवर बसले.

"म्हंजे मी," ते म्हणाले, "सुनेले..."

मला खरोखर भीती वाटली. स्वतःसाठी नव्हे, ती भीती तर जुनीच होती. या माणसाला आता गावात मान वर करून चालता येणार नाही, अशी भीती. बायको दाराशी तांब्या धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हे नावही आता जाणार, हे तिला दिसत होतं.

तेवढ्यात आई उठली. आई माझी मोजकंच बोलायची, आणि पुरुषमाणसांच्या बैठकीत तर नाहीच. ती डोक्यावरचा पदर सारखा करून बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"एक विचारू का जी?"

बाबांनी मान हलवली.

"तुमी सुनेले म्हनलं, चुकून म्हनलं, लेकीसारखी हाय, काई बिघडत नाई. ह्या बाईचा मानूस तिले रोज म्हनते. आपल्या पोट्ट्यानं त्याच्या बायकोसाठी गोव्याहून शब्द आनला. मंग माह्यंच काऊन रायलं? माह्या जल्मात तुमी मले 'अवो' सोडून का म्हनलं?"

बाबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पळायला जागा नव्हती. आत्या म्हणाली, "म्हन ना रे दादा. बिचारी एवढी विचारून रायली." हे आत्या म्हणाली! बाबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, घसा साफ केला, गोठ्यातल्या राजाकडे नजर लावली आणि म्हणाले, "के... केरीदा."

"ओ," आई म्हणाली.

सिक्वेरासाहेबांनी खिशातून शिटी काढून अशी फुंकली की बैल दावं तोडून उठले. बायांनी पाळण्याचं गाणं अर्ध्यातूनच सुरू केलं. भटजी म्हणाले, शास्त्रात याला काही बाध नाही. (आधी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे.)

आईचं अजून संपलं नव्हतं. "आता केरीदा मी झाली," ती म्हणाली. "तं यमुना नाव रिकामं झालं. ज्या पोरीचं हाय तिले वापस द्या." आणि बाबांकडे वळून, "हाक मारा तिले. पानी मांगा."

आता ज्या नावाला बाबा जन्मभर वळसा घालून गेले, तेच नाव घ्यायचं होतं. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. दोन वेळा तोंड उघडून मिटलं. मग एकदाचे म्हणाले, "यमुना, पानी आन बाई." माझी बायको धावत आली. ते नाव बाबांच्या तोंडून ऐकून आई पदराआड हसत होती. पाणी पितानाही त्यांची नजर आईवरून हटत नव्हती. नातीचं नाव त्या गडबडीत शांता ठेवून झालं, आणि त्यावर कुणाचीही हरकत आली नाही.

संध्याकाळी पाहुण्यांची रेंगी निघाली तेव्हा मला चेव चढला. बाबांनी एवढं केलं, मग मी का मागं राहू? साहेब, मास्तर, न्हावी, अख्खं अंगण उभं असताना, मी ओट्यावर चढून आयुष्यात पहिल्यांदा बायकोला चारचौघांत नावानं हाक मारली, "यमुना!"

आतून ओ आली. इतकी गोड, इतकी लाडिक ओ मी कधीच ऐकली नव्हती. माझं काळीज भरून आलं. आणि दारात येऊन उभी राहिली माझी आई. "कोन म्हनलं मले जुन्या नावानं?" असं लाजून विचारत ती बाबांकडे बघत होती, आणि माझ्याकडे तर तिचं लक्षही नव्हतं. बायकोवर प्रेम करायला म्हणून पोर्तुगीज शिकलेला, आणि त्यात स्वतःच्या बापाचं जमवून देणारा, अख्ख्या भंडारा जिल्ह्यात मी एकटाच असेन!